पट

सतरा तारखेला मेसेज येतो, कन्नडमधून.
अक्षरं मी अजून बोट ठेवून वाचतो,
आकडा तेवढा पटकन कळतो:
शंभरातले ऐंशी संपले.
महिन्याचे तेरा दिवस अजून दारात उभे,
रिकाम्या किटल्या घेऊन.

शिवलिंगला फोन लावला. गर्लगुंजीत
खांबाखांबावरून वायर त्यानेच ओढलेली.
म्हणाला, वायर गळत नाही मास्तर,
घरात कोण पितंय ते बघा की.
कंपनीला लावला. कन्नडसाठी एक,
इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन.
चारची वाट बघितली थोडा वेळ, सवयीने.
मग तीन दाबलं.

हिशेब ठेवायचं ठरवलं.
कपाटात हजेरीपत्रकं पडून होती, कोरी,
शाळेसाठी मागवलेली, पट पंचेचाळीस असताना.
नावांच्या रकान्यात फोन, टीव्ही, लॅपटॉप,
तारखांच्या चौकोनांत जीबी.
रात्री दहाला, भांडी घासून होता होता, चष्मा लावून.
काय करालाय, इंदुमतीने विचारलं.
हजेरी घेतोय.

सोमवार दोन पूर्णांक चार.
मंगळवार तीन पूर्णांक एक.
इंदुमती: भरली ढबू मिरची, आणि मांडे,
जे ती कधी करणार नाही, दोनदा.
मुलगा पुण्याहून दोन दिवस आला,
एक गेम उतरवून गेला. अकरा जीबी.
खेळला नाहीच.
मी: बातम्या. सीमाप्रश्नाची तारीख पुढे गेली
एवढं ऐकायला अर्धा जीबी.

सगळं मिळवलं तरी रोज दीड-दोन जास्तच.
वर्गातही असं व्हायचं. डोकी मोजली की एक वाढायचं,
कुणाचा तरी धाकटा भाऊ मागच्या रांगेत,
नाव न घातलेला,
पाटी मात्र घेऊन बसलेला.

गुरुवारी साडेसातला कचरा टाकायला बाहेर आलो.
कट्ट्यावर दोन फोन, पाच चेहरे, खालून उजळलेले.
मुबिना, सोमनिंग, चोपड्यांची जुळी,
शेवटच्या सातांतली ही चार.
पाचवा कुणाचा तरी धाकटा भाऊ.
आता व्हॅन येते त्यांना न्यायला, खानापूरला,
टाय लावून जातात.
गणित बघतोय सर, सोमनिंग म्हणाला,
आणि अंगठ्याने एक नाचणारी बाई बाजूला सारली.
पासवर्ड? काकूंनी दिला.
काकू आत कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या,
चुकून सुद्धा बाहेर बघितलं नाही त्यांनी.

टीव्हीच्या खालच्या ओळीपासून
मी पाच नावं लिहिली.
पाचव्याचं विचारायचं राहिलं.

तेवीसला शंभर भरले.
आता चित्र येत नाही, गोल फिरतो,
घाण्याच्या बैलासारखा, तेल न काढता.
शुक्रवारी चौघं, शनिवारी दोन,
रविवारी धाकटा एकटाच, गोलाकडे बघत.
सोमवारी खाडा.

पट उतरताना मी आधी बघितलाय.
पंचेचाळीस, एकोणीस, सात.
मग साहेबांचं पत्र: पट शून्य, सबब
आणि सबबच्या पुढे वाचायची गरज नव्हती.
किल्ली मी पिशवीत घालून नेऊन दिली.
पावती मागितली. ती मिळाली, कन्नडमधून.

दहा जीबी जादा मिळत होते, एकशे नव्व्याण्णवला.
पेन्शनीत बसत नव्हते असं नाही.
घेतले नाहीत.
गोल फिरताना कोण बसून राहतं
ते बघायचं होतं मला.
खोटं कशाला बोलू, थोडा रागही होता.

तीस तारखेला बारापर्यंत जागा राहिलो.
बारा वाजून दोन मिनिटांनी पान पुन्हा उघडलं.
वापर: शून्य.
शून्य लिहिलं चौकोनात, जरा मोठंच आलं,
रेघेबाहेर गेलं.

एक तारखेला साडेसातला
मी बाहेर गेलो नाही. खिडकीशी बसलो,
दिवा न लावता.
कट्ट्यावर चपला वाजल्या.
कुणीतरी म्हणालं, आलं रे, आलं.
मग गणितच बहुतेक, कारण
जुळी पाढा म्हणायला लागली मराठीतून
आणि सोमनिंग त्यांना चुका दाखवत होता कन्नडमधून.

पेनाची शाई वाळली होती. झटकली.
मुबिना, ह.